खाणीच्या टाकाऊ मालातले जड धातू एसईएमखाली कसे शोधायचे

टेलिंग्जचं, म्हणजे धातू काढून उरलेल्या खाणीच्या टाकाऊ मालाचं, सॅम्पल आयसीपीला (विरघळवलेल्या सॅम्पलमधले धातू मोजणाऱ्या मशीनला) दिलं की आकडा येतो, शिसं इतकं पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), आर्सेनिक तितकं पीपीएम, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण तो आकडा म्हणजे अख्खं सॅम्पल आम्लात विरघळवून काढलेली बेरीज आहे. शिसं कुठल्या खनिजात आहे, कणाच्या आत दडलंय की बाहेर उघडं पडलंय, हे त्यातून काहीच कळत नाही, आणि खरा प्रश्न तर तोच असतो. तेच शिसं गॅलिनात म्हणजे सल्फाइडमध्ये असेल तर पोटातल्या आम्लात फार कमी सुटतं, सेरूसाइट म्हणजे कार्बोनेट असेल तर पटकन विरघळतं, अँग्लेसाइट म्हणजे सल्फेट कुठेतरी मधे, आणि प्लंबोजॅरोसाइटमध्ये असेल तर बरंच घट्ट अडकलेलं असतं. म्हणजे दोन ढिगांचा आकडा सारखा आला तरी धोका सारखा नाही. हा फरक कणाकणाने बघायचा असेल तर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, म्हणजे एसईएम, आणि त्याला जोडलेला ईडीएस, म्हणजे कणातून निघणाऱ्या एक्स-रेंवरून मूलद्रव्यं ओळखणारा डिटेक्टर, हीच सगळ्यात हाताशी असलेली जोडी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, एसईएम हे "किती आहे" विचारायचं मशीन नाही. ईडीएसला साधारण ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएमच्या खालचं काही धड दिसत नाही. सॅम्पलमध्ये एकूण शिसं २०० पीपीएम असेल तरी चालतं कारण ते थोड्या कणांत गोळा झालेलं असतं आणि त्या कणांत टक्क्यांनी भरलेलं असतं, पण तेच २०० पीपीएम सगळ्या मातीत सारखं पसरलेलं असेल तर तुम्ही दिवसभर खुर्चीत बसा, हाती काही लागणार नाही. स्फॅलराइट म्हणजे जस्ताच्या सल्फाइडमधल्या कॅडमियमचं बऱ्याचदा असंच होतं, जस्ताचा पीक, म्हणजे स्पेक्ट्रममधला उंचवटा, डोंगराएवढा आणि कॅडमियम बॅकग्राउंडमध्ये गडप. म्हणून मशीन बुक करायच्या आधी आयसीपीचे आकडे आणि एक्सआरडीचा (खनिजं ओळखणाऱ्या एक्स-रे चाचणीचा) रिपोर्ट दोन्ही सोबत ठेवा, आणि एक्सआरडीत एखादं खनिज दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं धरू नका, एक-दोन टक्क्यांच्या खालचं तिथे सहसा निसटतं.

आता सॅम्पल. सगळ्यात मोठी चूक इथेच होते, ती म्हणजे सवयीने ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला टाकून देणं. खाणीच्या मालात पाणी धरून बसलेले सल्फेट असतात, ते त्या तापमानाला पाणी सोडतात आणि वेगळंच खनिज होऊन बसतात, शिवाय पारा असेल तर उडून जायची भीती. ४० डिग्रीच्या खाली, हवेवर, सावकाश वाळवा. दुसरं म्हणजे दळू नका. आयसीपीसाठी दळलेली पावडर उरलीय म्हणून तीच मायक्रोस्कोपला आणणारे लोक भेटतात, पण दळल्यावर कणाभोवतीचा थर, भेगा, कण कशात अडकलाय, सगळी माहिती संपली, मग बघायचं तरी काय. फक्त चाळा. कुठल्या चाळणीने ते प्रश्नावर ठरतं, लहान मुलांच्या हातातून तोंडात जाणारी माती हा विषय असेल तर २५० मायक्रॉनच्या खालचं किंवा त्याहून बारीक १५० च्या खालचं घेतात, श्वासातून जाणारी धूळ असेल तर १० मायक्रॉनच्या खालचं. हे सगळं करताना मास्क, ग्लोव्ह्ज आणि फ्यूम हूड, ही धूळ आहे आणि तिच्यात काय आहे ते अजून माहीत नाहीये म्हणूनच तर आपण ती तपासतोय. पायराइटवालं (लोहाचं सल्फाइड असलेलं) ओलं सॅम्पल महिनोन्‌महिने शेल्फवर पडू देऊ नका, डब्यातच ऑक्सिडाइझ होतं आणि मग तुम्ही खाणीचा नाही, डब्याचा अभ्यास करता.

कण दोन तऱ्हेने लावायचे आणि शक्य असेल तर दोन्ही तऱ्हा करायच्या. कार्बन टेपवर सुटे कण भुरभुरवले की आकार, पृष्ठभाग, वर चढलेले स्फटिक, बारीक धूळ चिकटलीय का, हे छान दिसतं. पण आतलं काही दिसत नाही आणि पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे ईडीएसचे आकडे फक्त अंदाजापुरते. टेपवर चिकटवल्यावर ब्लोअरने सुटी धूळ उडवून द्या, विशेषतः मॅग्नेटाइट किंवा पायरोटाइट असेल तर, कारण चुंबकीय कण लेन्सकडे उडी मारू शकतात आणि मग लॅबचा ऑपरेटर तुम्हाला परत आत घेणार नाही. उघडा पारा असलेलं सॅम्पल तर व्हॅक्यूममध्ये न्यायचंच नाही.

खरं काम होतं ते पॉलिश केलेल्या ब्लॉकवर. कण इपॉक्सी रेझिनमध्ये बसवायचे, साच्यात घट्ट होऊ द्यायचे, आणि मग घासून कणांचा आडवा छेद उघडा करायचा. ऐकायला सोपं वाटतं पण यात खाचखळगे भरपूर. पहिला म्हणजे रेझिन पातळ असताना जड कण तळाला बसतात. गॅलिनाची घनता ७.६ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५, तुम्ही तळाची बाजू पॉलिश केलीत की शिशाचे कण खरे आहेत त्याहून कितीतरी जास्त दिसणार, आणि वरची बाजू केलीत तर शिसं नाहीच असं वाटणार. उपाय असा की ब्लॉक उभा कापायचा, कापलेला तुकडा ९० अंशात फिरवून परत रेझिनमध्ये बसवायचा, म्हणजे तळापासून वरपर्यंतचा सगळा थर एकाच पृष्ठभागावर येतो. सॅम्पलमध्ये ग्राफाइटची बारीक पावडर मिसळली तर कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि एकदम खालीही बसत नाहीत, तेही करा.

दुसरा खड्डा पाण्याचा. पाणी घालून पॉलिश केलं की विरघळणारे सल्फेट गेले वाहून, आणि जड धातू पटकन सोडणारं खनिज बऱ्याचदा नेमकं तेच असतं, म्हणजे सगळ्यात धोकादायक भागच ड्रेनमध्ये जातो आणि रिपोर्टमध्ये सगळं आलबेल. तेलावर आधारित लुब्रिकंट वापरा, शेवटी आयसोप्रोपेनॉलने पुसा. डायमंड पेस्ट ९, मग ३, मग १ मायक्रॉन, घाई नको, कारण क्वार्ट्झ कडक आणि गॅलिना मऊ, जोर लावला की गॅलिना उखडून येतं आणि त्रिकोणी खड्डे उरतात. ते त्रिकोणी खड्डे दिसले तर समजा की इथे गॅलिना होतं आणि ते तुमच्या पॉलिशने गेलं. आणि हो, काही जुन्या वर्कशॉपमध्ये पॉलिशिंगसाठी शिशाची चकती असते, तिच्याजवळही जाऊ नका, शिसं शोधायला निघालाय आणि शिशानेच घासताय असं होईल.

कोटिंग कार्बनचं, साधारण २० नॅनोमीटर. सोन्याचं नको, फोटो सुंदर येतात पण सोन्याचा एम पीक २.१२ केईव्हीला बसतो (के, एल, एम ही एक्स-रे रेषांची नावं, केईव्ही हे त्यांच्या ऊर्जेचं माप) आणि त्याच्या शेजारी पारा २.२०, गंधक २.३१, शिसं २.३४, म्हणजे जिथे तुम्हाला बघायचंय तिथेच सोनं ठाण मांडून बसतं. कोटिंगशिवाय लो व्हॅक्यूममध्येही बघता येतं, ओलसर नाजूक सॅम्पलला ते बरं, पण त्यात बीम गॅसमध्ये पसरतो आणि शेजारच्या कणाचा सिग्नल तुमच्या कणात येतो. त्यावर आकडे काढू नका.

सेटिंगमध्ये फार काही नाही. बीमचं व्होल्टेज २० केव्ही ठेवा. शिशाची एल रेष उठवायला १३ केईव्हीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आर्सेनिकची के रेष उठवायला जवळजवळ १२, त्यामुळे १५ केव्हीवर दोन्ही मरगळलेले येतात. वर्किंग डिस्टन्स तुमच्या मशीनच्या ईडीएससाठी ठरवलेलंच ठेवा, डेड टाइम, म्हणजे डिटेक्टर गुंतलेला असतो तो वेळ, ३० टक्क्यांच्या आसपास, एका पॉइंटला ६० सेकंद लाइव्ह टाइम.

आता कण शोधायचे बॅकस्कॅटर मोडमध्ये, म्हणजे बीएसईत. इथे खनिजाचा सरासरी अणुक्रमांक जितका मोठा तितकं ते उजळ दिसतं. क्वार्ट्झचा सरासरी साधारण ११, पायराइटचा २१, स्फॅलराइटचा २५, आर्सेनोपायराइटचा (लोह-आर्सेनिकचं सल्फाइड) २७, आणि गॅलिनाचा थेट ७३. म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवून ब्राइटनेस खाली आणला की क्वार्ट्झ, फेल्डस्पार सगळे काळे होतात आणि गॅलिना अंधाऱ्या रात्रीत दिवा लावल्यासारखं चमकतं. सगळे खूश. नवीन माणूस त्या चमकणाऱ्या ठिपक्यांवर एकामागून एक क्लिक करत सुटतो, संध्याकाळी सुंदर फोटो घेऊन घरी जातो, आणि धातूचा निम्मा पत्ता त्याच्या हातून सुटलेला असतो.

कारण सगळा धातू चमकत नाही. गोएथाइटचा सरासरी अणुक्रमांक १९ च्या आसपास, म्हणजे तो पायराइटहूनही किंचित मंद, आणि सल्फाइड कुजून तयार झालेल्या या आयर्न ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्येच आर्सेनिक, शिसं, जस्त चिकटून बसतात, कधी अर्धा टक्का, कधी चार-पाच टक्के. हा माल पायराइटच्या कडेला कवचासारखा असतो, किंवा दोन कणांना जोडणाऱ्या सिमेंटसारखा, किंवा नुसत्या भेगाळलेल्या गाठीसारखा. कॉन्ट्रास्ट चढवलेल्या चित्रात तो चक्क काळोखात जातो. म्हणून प्रत्येक फील्ड, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा भाग, दोनदा बघायचं, एकदा काळं करून उजळ कणांसाठी, मग ब्राइटनेस वर आणून या राखाडी मालासाठी. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा दुसरी फेरीच जास्त नीट करावी, उजळ कण काय, ते पळून जात नाहीत. आणि सेटिंग दर वेळी सारखं राहावं म्हणून ब्लॉकशेजारी शुद्ध तांब्याचा तुकडा लावून ठेवा, त्याचा राखाडीपणा एका ठिकाणी फिक्स केला की आजचं चित्र आणि पुढच्या महिन्याचं चित्र शेजारी ठेवता येतं.

पोत बघायला शिका, ते कुठलंही सॉफ्टवेअर शिकवत नाही. गॅलिनाभोवती जरा मंद राखाडी कडा दिसली तर बहुतेक अँग्लेसाइट, म्हणजे कण बदलायला लागलाय आणि त्या कवचामुळे आतलं गॅलिना हवा-पाण्यापासून थोडं वाचतंय. गॅलिना पूर्ण क्वार्ट्झच्या आत असेल तर ते बंद तिजोरीतलं शिसं, क्वार्ट्झ फुटेपर्यंत ते कुठे जाणार नाही. आयर्न ऑक्साइड स्पंजसारखा भोकाभोकांचा दिसला तर हा माल कधीतरी भट्टीत भाजला गेलाय असा संशय घ्या. सोन्याच्या खाणींमध्ये आर्सेनोपायराइट भाजायचे आणि त्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइडची धूळ निघायची, कॅनडात यलोनाइफजवळच्या जायंट माइनमध्ये अशी २,३७,००० टन धूळ जमिनीखाली साठवून ठेवलीय. हे ट्रायऑक्साइड पाण्यात विरघळतं, त्यामुळे ईडीएसमध्ये नुसतं आर्सेनिक आणि ऑक्सिजन, लोह नाही, गंधक नाही, असा कण दिसला तर तिथे थांबा आणि त्याची वेगळी नोंद करा. अर्थात तुम्ही पाण्याने पॉलिश केलं असेल तर तो दिसणारच नाही.

स्पेक्ट्रम वाचणं हा सगळ्यात फसवा भाग आहे. सॉफ्टवेअरचं ऑटो-आयडी बटण बंद करा, किंवा चालू ठेवा पण त्यावर विश्वास ठेवू नका. गंधक २.३१ केईव्ही, शिसं २.३४, मॉलिब्डेनम २.२९, ईडीएसचं रेझोल्यूशन या भागात शंभर इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळपास, म्हणजे तिघं मिळून एकच ढिगारा दिसतो आणि सॉफ्टवेअर कधीकधी बिनदिक्कत मॉलिब्डेनम लिहून देतं. शिसं आहे का हे १०.५५ ला जाऊन बघायचं, तिथे त्याची एल रेष. पण थांबा, आर्सेनिकची के अल्फा १०.५४ ला, अगदी त्याच जागी. मग १२.६१ ला जा, तिथे शिशाची एल बीटा, आर्सेनिकचं तिथे काही नाही. तिथे पीक असेल तर शिसं आहे. आर्सेनिकसाठी १.२८ ला एल रेष बघायची, पण तिथे १.२५ ला मॅग्नेशियम येऊन बसतं, म्हणून क्लोराइटसारखी मॅग्नेशियमवाली खनिजं शेजारी नाहीत ना ते बघा, आणि ११.७३ ला आर्सेनिकची के बीटा शोधा. शिसं भरपूर आणि आर्सेनिक थोडं असा कण असेल तर ईडीएसवर आर्सेनिकबद्दल छातीठोक काही बोलू नये. आणखी एक गंमत, लोहाने भरलेल्या कणावर डेड टाइम जास्त ठेवला तर लोहाचे दोन फोटॉन एकदम मोजले जाऊन १२.८ ला खोटा पीक येतो, शिशाच्या एल बीटाच्या शेजारी. बीम करंट कमी करून परत बघा, खोटा पीक बाकीच्यांपेक्षा फार लवकर खाली बसतो.

अशा जोड्या आणखी आहेत. जस्ताची एल रेष १.०१ आणि सोडियम १.०४, त्यामुळे स्फॅलराइटमध्ये सोडियम निघालं की हसायचं आणि पुढे जायचं. कॅडमियमची एल बीटा थेट पोटॅशियमवर ३.३१ ला पडते, क्रोमियमची के बीटा मँगनीजवर, बेरियम टायटॅनियमवर. नियम एकच, एका रेषेवर धातूचं नाव लिहायचं नाही, दुसरी रेष दाखवा आणि मग लिहा.

सल्फाइड की सल्फेट हे ओळखायचं असेल तर ०.५२ चा ऑक्सिजनचा पीक बघा, आणि त्याच सेशनमध्ये पक्क्या गॅलिनाच्या कणाशी ताडून बघा. कार्बोनेटसाठी कार्बनचा पीक लागतो पण कार्बन तर तुम्हीच वर चढवलाय, म्हणून शेजारच्या क्वार्ट्झवर कार्बन किती येतो ते आधी मोजा, त्याहून ठळक जास्त आला तरच सेरूसाइट म्हणा. रेझिनच्या काठावर हे करू नका.

आता छोट्या कणांचं. २० केव्हीचा बीम सिलिकेटमध्ये चारेक मायक्रॉन आत पसरतो, गॅलिनात त्याच्या निम्मा. त्यामुळे क्वार्ट्झमध्ये एक मायक्रॉनचा ठिपका चमकतोय आणि स्पेक्ट्रममध्ये सिलिकॉन आलं म्हणून "लेड सिलिकेट" सापडलं असं जाहीर करायचं नाही, ते सिलिकॉन खालून-बाजूने आलंय. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं डीटीएसए-टू हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात असा कण टाकून बीमचं काय होतं ते आधी बघता येतं. केव्ही कमी केली तर बीम लहान होतो पण मग शिशाची एल आणि आर्सेनिकची के रेष गेली, दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत. शिवाय जॅरोसाइट, स्कोरोडाइट अशी पाणीवाली खनिजं बीमखाली खराब होतात, स्पॉटऐवजी छोटा चौकोन स्कॅन करा आणि त्याच जागी परत परत मारू नका.

आकड्यांबद्दल एवढंच, स्टँडर्डलेस मोडमध्ये, म्हणजे माहीत असलेल्या नमुन्याशी न ताडता, सॉफ्टवेअर बेरीज जबरदस्तीने १०० करतं. त्यामुळे भोकं, पाणी, पॉलिशचा खडबडीतपणा सगळं झाकलं जातं. शक्य असेल तर पायराइट, गॅलिना, आर्सेनोपायराइटवर स्टँडर्ड घ्या आणि बेरीज आहे तशी येऊ द्या, पाणीवाल्या आयर्न ऑक्साइडला ती ८०-९० आली तर ते नैसर्गिक आहे, उलट १०० आली तर शंका घ्या.

मोजणीत लोक कण मोजतात आणि टक्केवारी काढतात, "शिशाचे ९० टक्के कण गोएथाइट". पण धातू कणांच्या संख्येने वाटलेला नसतो. गॅलिनात ८६.६ टक्के शिसं आणि घनता ७.६, गोएथाइटमध्ये समजा १ टक्का शिसं आणि घनता चारच्या जवळपास, म्हणजे सारख्या आकाराच्या गॅलिनाच्या एका कणात गोएथाइटच्या दीडशेहून जास्त कणांएवढं शिसं. म्हणून प्रत्येक कणाचं क्षेत्रफळ, गुणिले घनता, गुणिले धातूचं प्रमाण, असं करून वाटा काढायचा. निदान शंभरेक धातूवाले कण तरी हवेत, आणि त्यात एकच मोठा गॅलिनाचा कण अर्धी बेरीज खात असेल तर तो धरून आणि तो सोडून असे दोन्ही आकडे द्या. एसईएमवरून काढलेली ही बेरीज शेवटी आयसीपीच्या आकड्याशी ताडायची, ती फारच कमी भरली तर ईडीएसला न दिसणारा पसरलेला धातू आहे किंवा दुसरी फेरी कच्ची झालीय.

क्यूईएमस्कॅन, एमएलए, टिमा अशी ऑटोमॅटिक सिस्टिम मिळाली तर रात्रभर हजारो कण होतात, भारीच, पण ती तिच्या यादीतल्याच खनिजांची नावं देते, आणि टाकाऊ मालातलं अर्धवट कुजलेलं, मिसळलेलं काही यादीत नसतं. "इतर" मध्ये काय गेलं ते हाताने उघडून बघा.

एसईएम जे सांगू शकत नाही तेही धडधडीत लिहा. आर्सेनिक तीन संयुजेचं की पाचच्या, क्रोमियम तीनच्या की सहाच्या, हे ईडीएसला कळत नाही, त्याला सिंक्रोट्रॉनवरचं एक्सएएस (एक्स-रे शोषणाची चाचणी) लागतं. हेमटाइट की गोएथाइट याला रामन, म्हणजे लेझरने खनिज ओळखायची पद्धत. ०.१ टक्क्याच्या खालचं हवं तर मायक्रोप्रोब, त्यातला डब्ल्यूडीएस (एक्स-रे जास्त बारकाईने वेगळे करणारा डिटेक्टर) गंधक आणि शिसं वेगळं काढून दाखवतो. आणि गोएथाइटमधलं शिसं आत विरघळल्यासारखं पसरलंय की नॅनोमीटरच्या बारीक कणांत गोळा झालंय हे विचारायचं असेल तर टीईएम (पातळ कापातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवणारा मायक्रोस्कोप), त्यासाठी एफआयबीने म्हणजे आयन बीमने साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा काप काढावा लागतो. तिथे काप ठेवायची जाळी निवडताना डोकं वापरा, तांब्याचा अभ्यास असेल तर तांब्याची जाळी नको, निकेलची घ्या, आणि शिसं-गंधक बघायचं असेल तर मॉलिब्डेनमची अजिबात नको, का ते वर आलंच आहे. टीईएमच्या बीममध्ये गोएथाइटचं हेमटाइट होऊ शकतं, म्हणून डिफ्रॅक्शन पहिल्यांदा घ्या आणि ईडीएस नंतर.

फोटो देताना प्रत्येकाखाली स्केल बार, केव्ही, बीएसई की सेकंडरी (पृष्ठभाग दाखवणारा मोड), कोटिंग कशाचं, सॅम्पल कुठल्या चाळणीतलं आणि ब्लॉक उभा कापलेला होता की नाही हे लिहा. किती फील्ड बघितली आणि त्यातली किती रिकामी गेली तेही. आणि सगळ्यात देखणा कण पहिल्या पानावर टाकताना खाली प्रामाणिकपणे लिहा की तो नेहमीचा आहे की एकच सापडला होता.